प्रमाणपत्र कशासाठी? शिक्षकांचे चार गैरसमज

कारखान्यांच्या आधाराने वसलेल्या पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण भागात एकाच बाकावर मराठवाड्यातले आणि उत्तर प्रदेश-बिहारमधले मूल शेजारी बसते. 2020 च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली. पण घरी भोजपुरी बोलणाऱ्या मुलाला ती शिकवायची कशी, हे बी.एड.मध्ये फारसे शिकवले जात नाही. म्हणून नोकरी सांभाळून एखादा कोर्स करावा, ही शिक्षकांची इच्छा रास्तच आहे. फी भरण्याआधी मात्र हे चार गैरसमज दूर व्हायला हवेत.

गैरसमज : प्रमाणपत्र मिळाले की पगार वाढतो.
वस्तुस्थिती : अनुदानित आणि जिल्हा परिषद शाळांत वरिष्ठ वेतनश्रेणी 12 वर्षांच्या सेवेनंतर आणि शासनाने ठरवलेल्या प्रशिक्षणानंतर मिळते. बाहेरचा कोर्स त्या प्रशिक्षणाची जागा घेत नाही. विनाअनुदानित शाळेत हा निर्णय व्यवस्थापनाचा असतो. तिथे आधीच लेखी विचारून घ्यावे.

गैरसमज : जादा कोर्स असले की शिक्षक पात्रता परीक्षेतून (टीईटी) सूट मिळते.
वस्तुस्थिती : सर्वोच्च न्यायालयाच्या 1 सप्टेंबर 2025 च्या निकालानुसार, पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि पाच वर्षांहून अधिक सेवा उरलेल्या शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचे आहे. पाच वर्षांहून कमी सेवा उरली असेल तर नोकरी राहते, पण बढतीसाठी टीईटी लागतेच. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला आहे. ज्यांची टीईटी बाकी आहे, त्यांनी आधी तिचाच अभ्यास करावा.

गैरसमज : घरी बसून केलेल्या कोर्सला किंमत नसते.
वस्तुस्थिती : नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 मध्ये, तर इग्नू 1985 मध्ये कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठे आहेत. इग्नूचा इंग्रजी अध्यापनाचा प्रमाणपत्र कोर्स सहा महिन्यांत करता येतो. खबरदारी घ्यायची ती ‘विद्यापीठाशी टाय-अप आहे’ असे सांगणाऱ्या क्लासबाबत. दूरशिक्षणाचे अभ्यासक्रम फ्रँचायझी देऊन चालवायला यूजीसीची मनाई आहे. प्रवेश थेट विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून घ्यावा.

गैरसमज : समावेशक शिक्षणाचा छोटा कोर्स केला की विशेष शिक्षक होता येते.
वस्तुस्थिती : त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेली पात्रता आणि परिषदेकडे नोंदणी, दोन्ही हवे. तरीही छोटा कोर्स वाया जात नाही. वाचनात अडखळणारे मूल वेळीच ओळखून त्याला योग्य व्यक्तीकडे पाठवणे त्यातून जमू शकते.

शिकायला मोठी रक्कम लागतेच असेही नाही. केंद्र सरकारच्या ‘स्वयम’ या ऑनलाइन मंचावरचे कोर्स मोफत शिकता येतात, प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षेची फी भरायची. सरकारच्याच ‘दीक्षा’ मंचावरचे शिक्षक प्रशिक्षणही मोफत आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकांकडून वर्षाला किमान 50 तासांच्या प्रशिक्षणाची अपेक्षा केली आहे. हे तास वर्गातली खरी अडचण सोडवण्यासाठी वापरले, तर प्रमाणपत्राने पगार वाढो न वाढो, मुलांचे शिकणे नक्की सुधारेल.