बीजाचं वय

चाळिशीत मूल व्हावं म्हणून उपचार सुरू करणारी स्त्री डॉक्टरांसमोर बसते, तेव्हा फाईलवर तिचं आधार कार्डावरचं वय लिहिलं जातं. पण या साऱ्या खटाटोपात ज्याच्या वयाला खरी किंमत आहे ते तिचं बीज तिच्याहूनही चार-पाच महिन्यांनी मोठं असतं. ते तयार झालं ती स्वतः आईच्या पोटात असताना. पाच महिन्यांच्या स्त्री-गर्भाच्या बीजांडकोशांत ६० ते ७० लाख बीजं असतात. तिथून उतरती कळा लागते ती थांबतच नाही. जन्माच्या वेळी १० ते २० लाख, पहिली पाळी येते तेव्हा तीन-चार लाख, सदतीस-अडतिसाव्या वर्षी २५ हजारांच्या आसपास आणि पाळी जाताना उरतात हजारभर. यातली पिकून बाहेर पडतात ती आयुष्यभरात जेमतेम चारशे-पाचशे.

या विषयाने मला बरीच वर्षं झपाटलं आहे. मिळेल ते वाचत आले, जमेल तिथे जाऊन पाहत आले. माझी मामेबहीण बेचाळिसाव्या वर्षी पुण्यात या उपचारांत शिरली तेव्हा तिच्याबरोबर बाकांवर बसले. तिथल्या बायकांची भाषा वेगळीच असते. ‘तुमचं पिकअप कधी?’, ‘ट्रान्सफर फ्रेश की फ्रोझन?’, ‘बीटा आला का?’ अनोळखी बायका एकमेकींना हे सहज विचारतात आणि सख्ख्या जावेपासून लपवतात.

आयव्हीएफ उपचाराची रूपरेषा एव्हाना बहुतेकांना ठाऊक आहे. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून आठ-दहा-बारा दिवस पोटावर इंजेक्शनं, मध्ये मध्ये सोनोग्राफी, बीजं पिकली की रात्री घड्याळ लावून ‘ट्रिगर’चं इंजेक्शन, त्यानंतर ३५-३६ तासांनी भूल देऊन बीजं काढायची, प्रयोगशाळेत शुक्राणूंशी मिलन, पाचव्या दिवशी भ्रूण गर्भाशयात आणि मग ‘बीटा’ या गरोदरपणाच्या रक्ततपासणीपर्यंत दोन आठवडे जीव टांगणीला. पुरुषाची तपासणी पहिल्याच दिवशी व्हायला हवी, ती अजूनही अनेक घरांत शेवटी होते, हे जाता जाता सांगते. आता माझ्या आवडीच्या गोष्टीकडे वळते.

ओळखीच्या एका एम्ब्रियॉलॉजिस्ट बाईंनी मला त्यांची प्रयोगशाळा दाखवली. आदल्या दिवशी त्यांचा निरोप आला होता: ‘ताई, अत्तर, पावडर, केसांचं सुगंधी तेल, गजरा, काही नको.’ हवेत उडणारी ही रसायनं भ्रूणांना बाधतात. आत मंद उजेड, इनक्युबेटरची घरघर आणि ऑपरेशन थिएटरच्या भिंतीत एक छोटी खिडकी. पलीकडे डॉक्टर सुईने बीजांडकोशातली, बीज वाढवणारी एकेक पुटी रिकामी करत होत्या आणि लालसर पाण्याच्या कोमट नळ्या खिडकीतून येत होत्या. बाई ते पाणी बशीत ओतायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली बशी फिरवायच्या आणि मोठ्याने म्हणायच्या, ‘एग!’ पलीकडून कोणी तरी फळ्यावर रेघ ओढत असे. स्त्रीबीज म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. शरीरातल्या सर्वांत मोठ्या पेशींपैकी एक. त्याच्याभोवती मदतनीस पेशींचं धुक्यासारखं आवरण असतं. दोन तासांनी बाईंनी केसाहून थोड्याच जाड नळीने ते आवरण उतरवलं आणि मला भिंगातून पाहायला सांगितलं. गोल, स्वच्छ बीज आणि कडेला एक इवलासा थेंब. तो थेंब दिसला तर बीज पक्व. त्या दिवशीच्या सहा बीजांपैकी चारांना तो होता. ‘पेशंट त्रेचाळीसच्या आहेत,’ बाई म्हणाल्या, ‘चार म्हणजे चांगलंच.’

चाळिशीचं सगळं गणित त्या थेंबापाशी आहे. बीजातली गुणसूत्रं निम्मी करण्याची क्रिया आईच्या गर्भातच सुरू होते आणि अर्ध्यावर थांबते. पुढे एखाद्या महिन्यात त्या बीजाची पाळी आली की थांबलेली क्रिया पुन्हा सुरू होते आणि निम्मी गुणसूत्रं त्या थेंबात बाहेर टाकली जातात. विसाव्या वर्षी ही विश्रांती वीस वर्षांची, बेचाळिसाव्या वर्षी बेचाळीस वर्षांची. इतका काळ गुणसूत्रांच्या जोड्या धरून ठेवतात कोहेसिन नावाच्या प्रथिनांची कडी. ती एकदाच घडतात, नंतर त्यांत नवी भर पडत नाही, असं उंदरांवरच्या प्रयोगांनी दाखवलं आहे. कडी झिजली की जोडी अवेळी सुटते आणि एखादं गुणसूत्र चुकीच्या बाजूला जातं. म्हणून भ्रूणांच्या मोठ्या तपासण्यांत चाळिशीला निम्म्याहून अधिक आणि चव्वेचाळिशीला दहापैकी आठ-नऊ भ्रूणांत गुणसूत्रांची संख्या चुकलेली सापडते. यातले बहुतेक भ्रूण रुजतच नाहीत, काही रुजून गळतात. उपचार घेणारी स्त्री स्वतःला विचारत राहते, माझं काय चुकलं? जिना चढले म्हणून? ऑफिसला गेले म्हणून? तिचं काहीच चुकलेलं नसतं, आणि हे तिला कोणी तरी स्पष्ट शब्दांत सांगितलं पाहिजे.

आता त्या इंजेक्शनांबद्दल. मामेबहिणीच्या फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या डब्याशेजारी त्यांचा खोका असायचा. त्यावर नाव होतं मेनोट्रोफिन. त्यामागची हकिगत मी भेटेल त्याला सांगत असते. पाळी गेल्यावर बीजांडकोश दाद देईनासे होतात, तसा मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून बीजं पिकवणाऱ्या एफएसएच या संप्रेरकाचा मारा वाढतो आणि जास्तीचं संप्रेरक लघवीवाटे बाहेर जातं. म्हणजे पाळी गेलेल्या स्त्रियांची लघवी हा या औषधाचा खजिना. रोमच्या सेरोनो कंपनीतले शास्त्रज्ञ पिएरो दोनिनी यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस ते संप्रेरक वेगळं काढलं, पण पुढे ते पडून राहिलं. १९५० च्या दशकात ब्रूनो लुनेनफेल्ड हा तरुण डॉक्टर त्याच्या मागे लागला. औषध करायचं तर शेकडो स्त्रियांची लघवी रोज हवी, आणि त्यांत एकही गरोदर नको, कारण गरोदरपणातल्या संप्रेरकाने सगळा साठा बिघडला असता. कंपनीने आधी नकार दिला. मग संचालकांपैकी जुलिओ पाचेल्ली पुढे सरसावले. ते पोप बारावे पायस यांचे पुतणे. त्यांच्या शब्दावर इटलीतल्या वृद्ध जोगिणींच्या मठांतून लघवी गोळा होऊ लागली. दहा जोगिणींची दहा दिवसांची लघवी तेव्हा एका स्त्रीच्या एका उपचाराला पुरायची, असा लुनेनफेल्ड यांचा हिशेब होता. या औषधाने झालेलं पहिलं मूल १९६२ मध्ये इस्राएलमध्ये जन्मलं. पुढे मागणी इतकी वाढली की लघवी पुरेना. १९९० च्या दशकात चिनी हॅमस्टरच्या पेशींत हेच संप्रेरक बनवायचं तंत्र आलं. तरी लघवीतून काढलेलं औषध आजही वापरात आहे.

ही हकिगत मला प्रिय आहेच, पण चाळिशीच्या स्त्रीला तिच्यातून एक अगदी व्यवहाराची गोष्ट कळते. बाहेरून टोचायचं ते एफएसएच त्रेचाळिसाव्या वर्षी बहुधा शरीर स्वतःच चढ्या मात्रेने बनवत असतं. म्हणून तर पाळीच्या दुसऱ्या दिवशीच्या तपासणीत तो आकडा पाहतात. ज्या पुट्या त्या महिन्यात पुढे यायला तयार आहेत त्यांनाच हे औषध वाढवतं. नव्या पुट्या त्यातून निर्माण होत नाहीत. त्यामुळे ‘या वेळी डोस दुप्पट करू’ हे ऐकून हुरळून जाऊ नये. तसंच एएमएचचं. या तपासणीने उरलेल्या बीजांच्या संख्येचा अंदाज येतो, त्यांचा दर्जा कळत नाही. आणि बीजांडकोशात स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट टोचून बीजं ‘तरुण’ करण्याची जी पॅकेजं हल्ली विकली जातात त्यांना ठोस पुराव्याचा आधार नाही. माझं मत विचाराल तर चाळिशीतल्या बाईला तो पर्याय आशेपोटी विकणं अन्यायाचं आहे.

आपल्याकडच्या इतिहासातही ही इंजेक्शनं आहेत. इंग्लंडमध्ये एडवर्ड्स, स्टेप्टो आणि जीन पर्डी यांनी १९७८ च्या जुलैमध्ये जन्मलेल्या लुईझ ब्राउन या जगातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीसाठी अखेर नैसर्गिक पाळीतलं एकुलतं बीज वापरलं. त्यानंतर दोनच महिन्यांनी, ३ ऑक्टोबरला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नाने ‘दुर्गा’ जन्मली. त्यांनी इंजेक्शनांनी बीजं पिकवली होती आणि भ्रूण गोठवून ठेवून पुढच्या एका पाळीत सोडला होता. आज जगभर हेच करतात. मुखोपाध्यायांच्या वाट्याला मात्र चौकशी समिती, टिंगल आणि बदली आली. १९८१ च्या जूनमध्ये त्यांनी आत्महत्या केली. ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या कामातून हर्षा चावडा जन्मली, ती भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून गाजली. पुढे मुखोपाध्यायांची टिपणं आनंद कुमारांच्या हाती पडली. ती तपासून त्यांनी १९९७ मध्ये ‘पहिला मान त्यांचा’ असं छापून जाहीर केलं. स्वतःच्या नावावरचा मान असा उतरवून दुसऱ्याला देणारा शास्त्रज्ञ मला फार मोठा वाटतो. परळवरून जाताना त्यांची आठवण येतेच.

याच काळात एक गोष्ट सिद्ध झाली आणि चाळिशीपुढच्या स्त्रियांसाठी तीच सर्वांत मोलाची. १९९० मध्ये अमेरिकेतल्या सावर, पॉल्सन आणि लोबो या डॉक्टरांनी चाळिशी ओलांडलेल्या, बीजांडकोश थांबलेल्या स्त्रियांच्या गर्भाशयात तरुण दात्यांच्या बीजांपासूनचे भ्रूण सोडले आणि ते रुजले. गर्भाशय म्हातारं होत नाही, निदान बीजाच्या वेगाने नाही. मुंबईत डॉ. हिंदुजांनी १९९१ मध्ये दात्याच्या बीजापासूनचं मूल जन्माला आणलं. ब्रिटनच्या नियामक संस्थेची आजची आकडेवारी हेच सांगते: स्वतःचं बीज असेल तर पस्तिशीच्या आत दर तीन भ्रूणांमागे साधारण एक मूल, चाळीस ते बेचाळीसमध्ये दहामागे एक, त्रेचाळीस-चव्वेचाळिशीत विसामागे एक. तरुण दात्याचं बीज घेतलं तर आईचं वय काहीही असो, तिनामागे एकाच्या आसपास.

मामेबहिणीला पहिल्या केंद्रात हे कोणी सांगितलं नाही. ‘होईल, पॉझिटिव्ह राहा’ एवढंच. दोन प्रयत्न वाया गेल्यावर दुसऱ्या डॉक्टरांनी कागदावर आकडे लिहून दिले. ती घरी येऊन दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, ‘ताई, आधी कळलं असतं तर रडून झालं असतं आणि पैसेही राहिले असते.’ एका प्रयत्नाला दीड ते अडीच लाख लागतात आणि बहुतेक विमा पॉलिसी हात वर करतात. गोव्यात बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ पासून हे उपचार मोफत आहेत. महाराष्ट्रातल्या प्रत्येक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात तशी सोय व्हायला हवी.

दात्याचं बीज हा शब्द उच्चारला की आपल्याकडे घरं गप्प होतात. ‘रक्त कोणाचं?’ हा प्रश्न सासू विचारण्याआधी बाई स्वतःलाच विचारते. कायदा मात्र स्पष्ट आहे. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन कायद्यानुसार ते मूल त्या जोडप्याचं जैविक मूलच मानलं जातं, दात्रीचा त्याच्यावर हक्क राहत नाही. दात्री २३ ते ३५ वयाची हवी, आयुष्यात एकदाच आणि जास्तीत जास्त सातच बीजं देऊ शकते. उपचार घेणाऱ्या स्त्रीची मर्यादा ५० वर्षं, पुरुषाची ५५. त्याआधी, २०१९ मध्ये, गुंटूरला सत्तरी ओलांडलेल्या बाईने जुळ्यांना जन्म दिला होता. ही मर्यादा मला योग्य वाटते. चाळिशीच्या गरोदरपणातही रक्तदाब, मधुमेह आणि सिझेरियनचं प्रमाण वाढतं. म्हणून एका वेळी एकच भ्रूण सोडायचा आग्रह धरावा. जुळ्यांचा मोह टाळावा.

मामेबहिणीने दात्याचं बीज घेतलं. मुलगी आता शाळेत जाते.

तुमच्या घरात, शेजारात कोणी या वाटेवर निघणार असेल तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना एवढं विचारायला सांगा: माझ्या वयाच्या, स्वतःचं बीज वापरणाऱ्या किती स्त्रिया तुमच्याकडून मूल घेऊन घरी गेल्या? बीटा पॉझिटिव्ह आलेल्या किती, ते नको. उत्तर आकड्यात मिळालं नाही तर फाईल उचलून दुसरीकडे जायला सांगा, आणि पुढच्या वर्षावर ढकलू नका.