कोपऱ्यांत पडलेला फवारणीपंप

बीड जिल्ह्यांत कापसाचा हंगाम सरला, कीं पाठीवर अडकविण्याचा पेट्रोलवरील फवारणीपंप घराच्या कोपऱ्यांत जातो, आणि पुढील पावसाळ्यांत दोरी कितीहि ओढली तरी बोलत नाहीं. शहरांतील माणसास वाटेल, यंत्र झिजलें असावें. वस्तुतः तें पडून राहिल्यानेंच बिघडलेलें असतें. टाकींत उरलेलें पेट्रोल उडून जातें व कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत डिंकासारखा थर मागें ठेवतें. हल्लीं पेट्रोलांत इथेनॉल मिसळतात. तें हवेंतील ओल शोषितें, आणि धातु गंजूं लागतो. यास्तव टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावें. मग प्लग काढून सिलिंडरांत तेलाचे चार थेंब सोडावे व दोरी हळूच दोनदां ओढावी.

इंजिनाची हयगय एका दिवसाच्या खोळंब्यावर भागते. औषधाच्या टाकीची भागत नाहीं. त्याच पंपानें पूर्वीं टू-फोर-डी हें तणनाशक मारलें असेल, तर त्याचा यत्किंचित् अंशहि कपाशीस बाधतो. पानें भेंडीच्या पानांसारखीं चिरतात. म्हणून टाकी, नळी व तोटी तीनदां धुवावी. तें धुवण विहिरींत वा ओढ्यांत मात्र जाऊं नये. रबरी वायसर म्हणजे क्षुल्लक वस्तु! पण तो वाळून गळूं लागला, कीं कीटकनाशक थेट पाठीवर उतरतें. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें अनेक माणसें दगावलीं. त्यामागें कारणें एकाहून अधिक होतीं. परंतु औषधानें भिजलेल्या सदऱ्यानें दिवसभर काम करणें कोठेंहि धोक्याचेंच. वायसर मे महिन्यांतच बदलावा. मृगाचा पाऊस पडल्यावर दुरुस्तीवाल्यास सवड नसते.