अमेरिकेचे वार्तापत्र : वैमानिकांची सेवाज्येष्ठता आणि कंपन्यांचे विलीनीकरण

वॉशिंग्टन : अमेरिकेतील मोठ्या विमान कंपन्यांत वैमानिकाची सारी नोकरी सेवाज्येष्ठता यादीतील एका क्रमांकावर चालते. को-पायलटचा कॅप्टन कधी होणार, विमान लहान मिळणार की समुद्रापार जाणारे मोठे, तळ कोणत्या शहरात असणार, नाताळात रजा कोणाला, हे सगळे त्या क्रमांकाने ठरते. कपात आली तर शेवटी आलेला आधी घरी जातो. वरिष्ठांच्या मर्जीला यात जागा नाही, आणि वैमानिकांच्या संघटनांनी ही पद्धत जपली ती त्यासाठीच. हवामान किंवा यंत्रातला बिघाड पाहून उड्डाण नाकारणाऱ्या वैमानिकाची बढती कोणाला अडवता येऊ नये, हा त्यामागचा विचार आहे.

हा क्रमांक त्या कंपनीपुरताच असतो. वैमानिक दुसरीकडे गेला तर हजारो तासांचा अनुभव बरोबर नेतो, पण यादीत तळाशी बसतो. आंतरजिल्हा बदलीने गोंदिया जिल्हा परिषदेत आलेल्या शिक्षकाची आधीची ज्येष्ठता जाते, तसेच हे आहे. त्यामुळे काही वर्षे काढलेला वैमानिक सहसा कंपनी बदलत नाही.

यादी वर सरकते ती दोन कारणांनी : कंपनी नवी विमाने घेते, किंवा वरचे लोक निवृत्त होतात. अमेरिकेत १९६० पासून प्रवासी वैमानिकांची वयोमर्यादा ६० होती. १३ डिसेंबर २००७ रोजी कायद्याने ती ६५ झाली. साठीला आलेल्यांना पाच वर्षे मिळाली. पण पुढची पाच वर्षे वयोमानाने होणारी निवृत्ती जवळपास थांबली. त्यातच मंदी आली आणि तरुण को-पायलट आहे त्याच खुर्चीत अडकले. मर्यादा ६७ करण्याचा प्रस्ताव पुढे प्रतिनिधिगृहाने मान्य केला होता. २०२४ च्या अंतिम कायद्यात मात्र ६५ च कायम राहिली.

दोन कंपन्या एक झाल्या की दोन याद्या एक कराव्या लागतात. त्याच्या मुख्य रीती तीन आहेत. पहिली, नोकरीला लागल्याच्या तारखेनुसार क्रम लावणे. दुसरी, प्रमाणानुसार : एकीकडे एक हजार आणि दुसरीकडे पाचशे वैमानिक असतील, तर पहिल्यांतील दोघांमागे दुसऱ्यांतील एक. हे प्रमाण मोठ्या विमानांचे कॅप्टन, लहान विमानांचे कॅप्टन, को-पायलट असे गट पाडून लावले जाते. तिसरी रीत या दोन्हींचा मेळ घालते आणि विलीनीकरण झाले नसते तर कोणाला काय मिळाले असते, तेही पाहते. निवृत्तीचा हिशेब इथेच येतो. ज्या कंपनीचे वैमानिक वयाने मोठे, तिच्याकडे जागा लवकर रिकाम्या होणार असतात. त्या जागांवर तिथल्या तरुणांनी आशा ठेवलेली असते. एकत्र यादीत त्यांत वाटेकरी येतात.

याद्या चुकीच्या जोडल्या तर काय होते, ते अमेरिकेने पाहिले आहे. २००१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने डबघाईला आलेली टीडब्ल्यूए घेतली आणि तिच्या निम्म्याहून अधिक वैमानिकांना यादीच्या तळाशी टाकले. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर कपात सुरू झाली, तेव्हा वर्षानुवर्षे उड्डाण केलेले हे लोकच बाहेर पडले. टीडब्ल्यूएचे केंद्र मिझुरी राज्यातील सेंट लुइस होते. त्याच राज्याच्या मॅकॅस्किल आणि बाँड या दोन सिनेटरांच्या पुढाकाराने डिसेंबर २००७ मध्ये कायदा झाला : याद्या न्याय्य आणि समतोल रीतीने जोडाव्यात, आणि एकमत न झाल्यास लवादाकडे जावे.

लवादाचा निर्णयही सहज पचतो असे नाही. यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट २००५ मध्ये एकत्र आल्या. यूएस एअरवेजच्या जुन्या वैमानिकांना तारखेनुसार क्रम हवा होता. २००७ मध्ये लवाद जॉर्ज निकोलाऊ यांनी तो नाकारला. संख्येने जास्त असलेल्या जुन्या वैमानिकांनी मग वेगळी संघटना उभी करून निर्णय रोखून धरला. पुढे अमेरिकन एअरलाइन्समध्ये विलीन झाल्यावर, २०१६ च्या नव्या लवाद निर्णयानेच हा प्रश्न सुटला. याउलट डेल्टा आणि नॉर्थवेस्ट २००८ च्या ऑक्टोबरात एक झाल्या आणि त्याच डिसेंबरात लवादाने एकत्र यादी दिली. दोन्ही बाजूंनी निर्णयाची रीत आधीच मान्य केली होती.

भारतात अशा याद्या जोडण्याची रीत ठरवणारा स्वतंत्र कायदा नाही. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स २००७ मध्ये एक झाल्या. सेवाज्येष्ठता आणि वेतन यांचा मेळ सुचवणारा न्यायमूर्ती धर्माधिकारी समितीचा अहवाल मात्र २०१२ मध्ये आला. त्याच वर्षी मे ते जुलै एअर इंडियाच्या मूळ वैमानिकांचा संप चालला. नव्या ड्रीमलायनर विमानांचे प्रशिक्षण इंडियन एअरलाइन्सकडून आलेल्यांनाही द्यायचे की नाही, हा वादाचा मुद्दा होता. त्यामागे कॅप्टनपद कोणाला आधी मिळणार, हीच काळजी होती. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा एकीकडे निवृत्तीचे वय ५८ आणि दुसरीकडे ६० होते. २०२५ मध्ये एअर इंडियाने वैमानिकांसाठी ते ६५ केले. वरच्यांना त्याने दिलासा मिळाला; खालच्यांची वाट किती लांबते, ते नव्या विमानांच्या संख्येवर ठरेल.

गोंदिया जिल्ह्यात, बिरसी विमानतळावर, तरुण मुले-मुली वैमानिकाचे प्रशिक्षण घेतात आणि त्यासाठी घरचे लोक मोठे कर्ज काढतात. नोकरी निवडताना त्यांनी पहिल्या पगाराइतकेच लक्ष तीन गोष्टींकडे द्यावे : कंपनीने किती विमाने मागवली आहेत, यादीतील वरचे लोक किती वर्षांत निवृत्त होणार आहेत, आणि विलीनीकरण झाल्यास ज्येष्ठता कशी धरली जाईल हे करारात लिहिले आहे का. यातली तिसरी गोष्ट एकट्या वैमानिकाच्या हाती नाही. ती संघटनेने मागावी लागते आणि विलीनीकरणाची घोषणा होण्याआधीच ठरवून घ्यावी लागते.