खटला हरला, पुढे काय?

१४ ऑक्टोबर ही तारीख नागपूरकरांना सांगावी लागत नाही. १९५६ साली याच दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे धम्मदीक्षा घेतली. त्याच्या बरोबर तीन वर्षे आधी, १४ ऑक्टोबर १९५३ ला, रघुनाथ धोंडो कर्वे वारले. तारखांचा हा योगायोग सोडून देऊ. पण या दोन माणसांना एकत्र आणणारा एक खटला आहे आणि त्याविषयी आपण फार कमी बोलतो. १९३४ साली मुंबईच्या न्यायालयात कर्वे आरोपी होते आणि त्यांच्या बाजूने उभे होते बॅरिस्टर आंबेडकर.

कर्व्यांच्या आयुष्यावर अमोल पालेकरांनी २००१ मध्ये ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट केला. त्यात कर्व्यांची भूमिका किशोर कदम यांनी केली, म्हणजे आपले कवी सौमित्र. पुढे २०१७ मध्ये अजित दळवी यांनी लिहिलेले आणि अतुल पेठे यांनी दिग्दर्शित केलेले ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक आले. कर्व्यांवरचे खटले हाच त्याचा गाभा. नाटककाराला कोर्ट आवडते ते उगीच नाही. पिंजरा आहे, दोन वकील आहेत, मध्ये न्यायाधीश आहेत, शेवटी निकाल आहे. नाटकाला लागणारे सगळे आयतेच मिळते. मात्र इतिहास असा नेपथ्य लावून घडत नाही. रंगमंचावरचा खटला आणि घडलेला खटला यांत काय फरक पडतो, हे समजण्यासाठी जरा अमेरिकेत जाऊन येऊ.

‘इनहेरिट द विंड’ हे जेरोम लॉरेन्स आणि रॉबर्ट ली यांचे १९५५ चे गाजलेले नाटक. १९६० मध्ये त्यावर चित्रपटही निघाला. एक तरुण शिक्षक वर्गात डार्विनचा उत्क्रांतिवाद शिकवतो म्हणून गाव त्याच्यावर उलटते. पडदा उघडतो तेव्हा तो कोठडीत असतो. धर्मगुरूची मुलगी त्याच्यावर प्रेम करते आणि तिची बापाकडून फरफट होते. धर्माची बाजू मांडणारा नामांकित नेता भर न्यायालयात हास्यास्पद ठरतो, आणि शेवटी तिथेच कोसळून मरतो.

ज्यावरून हे नाटक सुचले, तो खटला जुलै १९२५ मध्ये टेनेसी राज्यातल्या डेटन गावी चालला. जॉन स्कोप्स हा २४ वर्षांचा शिक्षक. त्याला कोठडीत राहावे लागले नाही. नाटकातली ती धर्मगुरूची मुलगीही लेखकांच्या कल्पनेतली. उत्क्रांतिवाद शिकवण्यास बंदी करणारा कायदा झाला होता आणि त्याला आव्हान देण्यासाठी एक नागरी हक्क संघटना आरोपी व्हायला तयार असलेला शिक्षक शोधत होती. डेटनच्या काही मंडळींनी औषधाच्या दुकानात बसून ठरवले की हा खटला आपल्याच गावात होऊ द्या, गावाचे नाव होईल. स्कोप्स गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायचा, फुटबॉलचा प्रशिक्षक होता. जीवशास्त्राच्या तासाला तो बदली म्हणून गेला होता. उत्क्रांतीचा धडा आपण नक्की शिकवला का, याचीही त्याला खात्री नव्हती!

धर्माच्या बाजूचा नेता म्हणजे विल्यम जेनिंग्ज ब्रायन. तीन वेळा अध्यक्षपदाची निवडणूक लढवलेला हा माणूस गरीब शेतकऱ्यांचा कैवारी होता. ‘बळी तो कान पिळी’ हाच निसर्गाचा नियम आहे असे मुलांना शिकवले तर दुबळ्यांचे काय होईल, ही त्याची काळजी होती. ती अगदीच पोकळ नव्हती. ज्या पाठ्यपुस्तकावरून खटला झाला, त्यात उत्क्रांतीबरोबरच ‘कमअस्सल’ माणसांची पैदास थांबवावी असाही विचार छापलेला होता. शास्त्राविषयी ब्रायन चुकत होता, यात शंका नाही. पण तो विदूषक नव्हता. आरोपीचा दंड भरण्याची तयारीही त्याने दाखवली होती. तो कोर्टात मेला नाही. निकालानंतर पाच दिवसांनी झोपेत त्याला मरण आले.

मुसलमान असल्यामुळे मला हा मुद्दा थोडा जास्त लागतो. दाढी-टोपी दिसली की प्रेक्षकाने पुढचे ओळखून घ्यायचे, अशी पात्रे मी पुष्कळ पाहिली आहेत. समोरच्याला मूर्ख ठरवून नाटक जिंकता येते. समोरचा का घाबरला आहे, हे मात्र त्यातून कळत नाही. आणि ते कळल्याशिवाय त्याच्याशी बोलणार कसे?

नाटककारांनी लपवाछपवी केली असे नाही. हा इतिहास नव्हे, असे त्यांनीच सांगून ठेवले आहे. त्यांनी पात्रांची नावेही बदलली. त्यांना बोलायचे होते ते स्वतःच्या काळाविषयी, कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून माणसांना छळणाऱ्या अमेरिकेविषयी. अडचण होते ती आपली, म्हणजे प्रेक्षकांची. आपण नाटक पाहतो आणि इतिहास कळला म्हणून घरी जातो.

खऱ्या खटल्यात स्कोप्स दोषी ठरला. दंड शंभर डॉलर. १९२७ मध्ये वरच्या न्यायालयाने शिक्षा रद्द केली, पण कारण तांत्रिक होते. एवढा दंड ठरवण्याचा अधिकार ज्युरीचा होता, न्यायाधीशांचा नव्हता. कायदा तसाच राहिला. तो रद्द व्हायला १९६७ साल उजाडले.

आता मुंबईला परत येऊ. महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. या विचारांपायी विल्सन कॉलेजातली नोकरी गेली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले. लैंगिक प्रश्नांवर शास्त्राच्या आधारे, आडपडदा न ठेवता लिहायचे, हे त्याचे धोरण. १९३१ मध्ये व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखासाठी त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. दंड शंभर रुपये. अपिलातही ते हरले.

१९३४ मध्ये दुसरा खटला झाला तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून. माणसे जे घरात, मित्रांत, डॉक्टरकडेही विचारू शकत नव्हती, ते कर्व्यांना पत्राने विचारत होती. कर्वे ते छापून उत्तर देत. असे प्रश्न छापायचेच कशाला, असा आक्षेप होता. आंबेडकरांचे म्हणणे असे की, लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लील होत नाही. प्रश्नात विकृती असेल, तर ती ज्ञानानेच जाईल. लोक विचारणारच असतील, तर उत्तर देणारा गुन्हेगार कसा?

पुणे करार होऊन तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. अशा दिवसांत आंबेडकरांनी हे वकीलपत्र घेतले. बदनामीची भीती त्यांना असती तर हा खटला त्यांनी नाकारला असता. त्यांनी तो लढवला, आणि ते हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

इथे नाटकाचा पडदा पडू शकतो, पण आयुष्य पुढे चालतेच. दंड भरल्यावर मासिकाचा पुढचा अंक काढायचा होता. कर्व्यांनी तो काढला. असे करत मरेपर्यंत, म्हणजे २६ वर्षे, मासिक चालवले. आंबेडकरांनीही हा विषय सोडला नाही. नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा बिनसरकारी प्रस्ताव आला. त्या दिवशी ते हजर नव्हते. त्यांचे लिहिलेले भाषण पी. जे. रोहम यांनी वाचून दाखवले. तो प्रस्तावही फेटाळला गेला. म्हणजे पुन्हा हार! आणि १९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजन हा राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून स्वीकारला. पुढे गावोगावच्या भिंतींवर लाल त्रिकोण आला. ज्या गोष्टीसाठी दंड झाला, तीच सरकार भिंतीवर रंगवू लागले.

डेटन काय, मुंबई काय, कोर्टाने सत्याचा निवाडा केला नाही. कायद्यात जे होते त्याप्रमाणे निकाल दिला. सत्य पुढे गेले ते वर्गातून, दवाखान्यातून, छापखान्यातून.

उत्क्रांतीचा प्रश्न आपल्याकडेही आला. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विन चुकीचा असल्याचे जाहीर सांगितले. त्यावर देशभरातले शास्त्रज्ञ बोलले. त्यानंतर २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला. अभ्यासाचा भार कमी करण्यासाठी, असे कारण दिले गेले. शास्त्रज्ञांनी निषेधाचे पत्र काढले. कोणी शिक्षक पिंजऱ्यात उभा राहिला नाही, कोणा वकिलाचे भाषण झाले नाही. काही पाने नव्या आवृत्तीत नव्हती, इतकेच.

नाटक आपल्याला खटल्याची वाट पाहायला शिकवते. इतिहास मात्र सांगतो की बहुतेक वेळा खटला होतच नाही. तेव्हा नव्या वर्षाची पुस्तके घरी आली की कव्हर घालण्याआधी ती एकदा चाळावीत. मुलाने अवघड प्रश्न विचारला, तर त्याला गप्प बसवू नये. उत्तर येत नसेल तर दोघांनी मिळून शोधावे. एवढ्यासाठी बॅरिस्टर लागत नाही.