गुप्त लढाई आणि तिच्यानंतरची शाळा



लढाई म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे तोफा आणि फौजा उभ्या राहतात. पण पुष्कळ लढाया रणांगणापासून दूर, कचेरीत, मेजवानीत, नाहीतर बंद खोलीतल्या कुजबुजीत ठरतात. अशाच एका लढाईवर 2007 साली अमेरिकेत एक चित्रपट निघाला. नाव ‘चार्ली विल्सन्स वॉर’. माइक निकोल्स यांनी तो दिग्दर्शित केला आणि टॉम हँक्स यांनी त्यात नायकाचे काम केले. विषय राजकारणाचा, पण सांगण्याची तऱ्हा मोठी मिस्कील. मुख्य म्हणजे त्याला खऱ्या घटनांचा आधार आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. 1979 च्या डिसेंबरात सोव्हिएत रशियाचे सैन्य अफगाणिस्तानात शिरले. तिथल्या बंडखोरांना शस्त्रे पुरवायची, पण अमेरिकेचा हात दिसू द्यायचा नाही, असा बेत ठरला. टेक्सासचे लोकप्रतिनिधी चार्ली विल्सन हे रंगेल गृहस्थ. पण सरकारी पैसा मंजूर करणाऱ्या समितीत त्यांचे वजन होते. हात झाकायचा कसा? तर शस्त्रे रशियन बनावटीचीच मिळवायची! त्यासाठी इजिप्त, इस्राएल आणि पाकिस्तान यांना एका धाग्यात ओवायचे. एका प्रसंगात तर कैरोत नर्तकीचा नाच चालू आहे आणि त्या आडून शस्त्रांचा सौदा होतो आहे. आपल्या वगनाट्यात शिपाई लावणीला डोलतो आणि चोर त्याच्या देखत निसटतो, तसाच हा प्रकार.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी, हे परदेशचे पुराण आम्हाला कशाला? तर मंडळी, असला चित्रपट शोभावा अशी गोष्ट आपल्या कृष्णाकाठी खरोखर घडून गेली आहे.

1942 च्या ऑगस्टात ‘चले जाव’चा ठराव झाला. सप्टेंबरात वडूजला आणि इस्लामपूरला मोर्चांवर गोळीबार झाला, माणसे पडली. मग इथले कार्यकर्ते भूमिगत झाले आणि क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. आजचा सांगली जिल्हा त्या वेळी वेगळा नव्हता. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यातच मोडत, आणि मधेमधे संस्थानी मुलूख पसरलेला होता. कुंडल गाव औंध संस्थानातले. इंग्रजी हद्द कुठे संपते आणि संस्थानी कुठे सुरू होते, हे पोलिसांपेक्षा भूमिगतांना अधिक चांगले ठाऊक होते!

लढाईला पैसा लागतो. तो यांना कोणत्या समितीने मंजूर करावा? त्यांनी तो सरकारच्याच थैलीतून घेतला. 7 जून 1943 रोजी शेणोलीजवळ तुफान सेनेने पगाराची रक्कम नेणारी आगगाडी अडवली. पुढे रुळावर दगडांचा ढीग, मागेही वाट बंद. हातात कोयते, काठ्या आणि थोडे गावठी बाँब. पुढच्याच महिन्यात, 24 जुलैला, वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. त्यात दोघांना प्राण गमवावे लागले, दादांना गोळी लागली. 1944 च्या एप्रिलात धुळ्याकडे सरकारी खजिना लुटला गेला. सुमारे साडेपाच लाख रुपये हाती आले.

आणि विनोद? तोही होता. नाना पाटलांच्या कन्या हौसाबाई यांनी उतारवयात सांगितलेला प्रसंग ऐका. 1943 चे साल, भवानीनगरची पोलीस चौकी. चौकीसमोर एक नवरा बायकोला बेदम मारतो आहे, दगड उचलून डोक्यात घालू पाहतो आहे. पोलीस सोडवायला धावले. तेवढ्यात बाकीचे साथीदार चौकीतली हत्यारे घेऊन पसार! ती ‘बायको’ म्हणजे सतरा वर्षांच्या हौसाबाई, आणि नवरा नाटकातला. पुढे हौसाबाईंनी तक्रार केली, की अरे, तू मला खरेच मारलेस! त्यावर त्याचे उत्तर तयार होते: पोलिसांना खरे वाटायला नको काय?

‘प्रति’चे लोकांनी ‘पत्री’ केले, तेही लक्षात घेण्यासारखे आहे. खबऱ्यांच्या आणि गुंडांच्या तळपायांवर फटके बसत. विरोधकांनी मात्र बोभाटा केला, की हे लोक माणसांच्या पायांना घोड्यासारखे पत्रे ठोकतात. पण हसण्यावारी नेण्यासारखा हा भाग नव्हे. फटका मारणारा हात चुकू शकतो. शिवाय प्रतिसरकारचे नाव सांगून लुटणारे दरोडेखोरही निघाले, आणि त्यांचा बंदोबस्त प्रतिसरकारलाच करावा लागला. गुप्त कारभाराचा हा धोका कुठेही टळत नाही. हिशेब उघड मांडता येत नाही, म्हणून तो मनातच चोख ठेवावा लागतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. त्या अमेरिकन चित्रपटाचा शेवट सगळ्या हशावर पाणी ओततो. 1989 च्या फेब्रुवारीत रशियन सैन्य परतते. शस्त्रांसाठी कोट्यवधी डॉलर देणाऱ्या त्याच समितीपुढे विल्सन शाळांसाठी दहा लाख मागतात. सभासद ऐकून घेतात आणि विषय बदलतात. पुढे त्या देशाचे काय झाले, ते आपण वर्तमानपत्रांत वाचलेच आहे.

आपल्याकडे निराळे का घडले? एक कारण असे, की इथे शाळा बंदुकीच्या आधी आली होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था 1919 मध्ये काढली. त्याआधी सत्यशोधकांनी गावोगाव माणसे जागी केली होती. दुसरे कारण, प्रतिसरकारने लुटीबरोबर न्यायदान मंडळे चालवली, कर्ज न काढता साधी ‘गांधी लग्ने’ लावली, दारूबंदी केली. पैसा आणि माणसे गावचीच, म्हणून जाबही गावालाच द्यावा लागे. लढाई संपल्यावर ही माणसे निघून जाणार तरी कुठे? नागनाथअण्णा नायकवडींनी वाळव्याला शाळा उभ्या केल्या, साखर कारखाना काढला आणि त्याला पोलिसांशी लढताना पडलेल्या सोबत्याचे, किसन अहिर यांचे, नाव दिले. कुंडलला जी. डी. बापू लाड आणि सांगलीला वसंतदादा सहकाराच्या कामाला लागले. त्या कामातही पुढे वाद झाले, उणिवा राहिल्या. पण घेतलेले हत्यार खाली ठेवून फावडे उचलणे, हे सोपे नसते.

शिक्षकमित्रांनो, वर्गात शेणोलीची गोष्ट जरूर सांगा. मुले टाळ्या वाजवतील. टाळ्या थांबल्या की एकच प्रश्न विचारा: गाडी लुटली, मग दुसऱ्या दिवशी काय केले? आजोबा-पणजोबांच्या आठवणी ज्या घरांत अजून सांगितल्या जातात, तिथे मुलांना पाठवा आणि उत्तर लिहून आणायला लावा. ज्यांनी ते पाहिले, ती माणसे आता जवळजवळ सगळी गेली. ऐकलेले सांगणारे आहेत, तोवर हे काम उरकायला हवे.