डंकर्कचा जमाखर्च

डंकर्कची माघार यशस्वी म्हणावी की अपयशी, हा वाद १९४० सालापासून चालू आहे आणि तो इतक्यात मिटेल असे दिसत नाही. कारण वादी आणि प्रतिवादी वेगवेगळ्या वह्या उघडून बसलेले असतात. एकाच्या वहीत सुटून आलेली माणसे मोजलेली, दुसऱ्याच्या वहीत मागे टाकलेल्या तोफा. दोन्ही आकडे खरे. पण एक तिसरीही वही आहे, आणि ती पाहिल्यावाचून निवाडा देणे मला प्रशस्त वाटत नाही.

प्रसंग थोडक्यात असा. १० मे १९४० रोजी जर्मनीने पश्चिमेकडे चाल केली आणि दहा दिवसांत तिचे रणगाडे इंग्लिश खाडीला जाऊन भिडले. उत्तरेकडची ब्रिटिश, बेल्जियन आणि फ्रेंच सैन्ये कात्रीत सापडली. २६ मे रोजी सायंकाळी माघारीचा हुकूम सुटला. डोव्हरच्या किल्ल्याखालील भुयारात बसून ॲडमिरल बर्ट्राम रॅमसे यांनी सारी सूत्रे हलविली. दोन दिवसांत पंचेचाळीस हजार माणसे हाती लागली तरी पुष्कळ, असा लंडनचा अंदाज होता. ४ जूनपर्यंत आली ३,३८,२२६. हाती घेतलेल्या कामाशी ताडून पाहावयाचे, तर याला यश म्हणण्यावाचून गत्यंतर नाही.

हे यश कोणाचे, याविषयी मात्र एक गोड गैरसमज रूढ आहे. हौशी लोकांच्या लहानसहान होड्या निघाल्या आणि त्यांनी सैन्य वाचविले, अशी ती कथा. होड्या गेल्या, माणसे शूर होती, यात शंका नाही. पण किनाऱ्यावरून उचललेली माणसे सुमारे ९८ हजार. उरलेले २ लाख ३९ हजार बंदरातून निघाले, आणि त्यातले बहुतेक पूर्वेकडील एका लांबलचक धक्क्यावरून. हा धक्का समुद्राच्या लाटा अडविण्यासाठी बांधलेला. जहाजे लावण्यासाठी नव्हेच. वर लाकडी फळ्यांची अरुंद वाट, तीन-चार माणसे कशीबशी शेजारी चालतील एवढी. २७ मेच्या रात्री कॅप्टन टेनंट यांनी धाडस करून तेथे एक जहाज लावून पाहिले. त्या दिवसाचा हिशेब होता अवघा ७,६६९. ३१ मे रोजी तो ६८ हजारांवर गेला. मला तर त्या भाबड्या कथेपेक्षा, ऐन वेळी डोके शांत ठेवून धक्क्याकडे पाहणारा हा नाविक अधिकारी अधिक मोलाचा वाटतो.

दैवानेही हात दिला. खाडी बव्हंशी शांत राहिली. २४ मे रोजी जर्मन रणगाडे थांबविण्यात आले, ते दोन दिवसांनी हलले. हिटलरने इंग्रजांवर दया केली, असे सांगणारे पुष्कळ भेटतात; मला ते पटत नाही. झिजलेले रणगाडे, दलदलीची जमीन, आणि विमानांनीच काम उरकू ही गोअरिंगची बढाई, एवढी कारणे पुरेशी आहेत.

खर्चाची बाजू सर्वश्रुत आहे. ब्रिटिश फौजेने फ्रान्सात सुमारे २,४०० तोफा आणि ६४ हजार वाहने गमावली. सहा ब्रिटिश विनाशिका बुडाल्या, लहानमोठी मिळून दोनशेंवर जहाजे गेली. याच फौजेबरोबर हिंदुस्थानातून गेलेल्या खेचरांच्या चार कंपन्या होत्या. त्यांतील बहुतेक माणसे डंकर्कमार्गे परतली, खेचरे तेथेच राहिली, आणि दूर सार भागात असलेली एक कंपनी जर्मनांच्या हाती सापडली. माघारीने युद्धे जिंकली जात नाहीत, हे चर्चिल यांनी ४ जून रोजी पार्लमेंटात स्वमुखे सांगितले. जल्लोष करणाऱ्या कित्येकांपेक्षा त्यांना हिशेब चांगला कळत होता.

आता ती तिसरी वही. ती फ्रेंचांची. ३१ मे रोजी चर्चिल पॅरिसला गेले, तेव्हा १ लाख ६५ हजार माणसे निघाली होती आणि त्यांत फ्रेंच होते केवळ १५ हजार. दोस्तांच्या घरी बसून हा आकडा सांगणे सोपे गेले नसेल. यापुढे हातात हात घालून निघू, असे वचन त्यांनी दिले आणि ते बरेचसे पाळलेही गेले. अखेरची बेरीज सुमारे १ लाख २३ हजार फ्रेंच अशी झाली. परंतु या मंडळींचे पुढे काय झाले? त्यांतील बहुतेकांना थोड्याच दिवसांत पुन्हा फ्रान्सात उतरविण्यात आले, आणि २२ जूनच्या तहानंतर हजारो शत्रूच्या कैदेत गेले. ब्रिटनच्या वहीत जमा झालेली ही नावे फ्रान्सच्या वहीत खर्चीच पडली.

शिवाय वेळ विकत कोणी घेतला? लील शहरी जनरल मोलिनिए यांच्या फ्रेंच सैन्याने ३१ मेपर्यंत झुंजून सात जर्मन डिव्हिजन अडकवून ठेवल्या. कॅलेला ब्रिटिशांचीही एक शिबंदी अशीच बळी गेली. बाजीप्रभूंची खिंड ऐकत वाढलेल्या आपल्या वाचकाला हे समजावून द्यावयास नको, की निसटणे यशस्वी होते ते मागे राहणाऱ्यांच्या जिवावर.

तेव्हा माझा निवाडा असा: सुटका म्हणून यशस्वी, मोहीम म्हणून पराभव, आणि मैत्रीच्या दृष्टीने उसनवारी. ब्रूक, अलेक्झांडर, माँटगोमेरी हे पुढील युद्ध चालविणारे सेनानी त्याच माघारीत परतले, आणि रॅमसे यांनीच १९४४ साली नॉर्मंडीला जाणाऱ्या आरमाराची आखणी केली. म्हणून ही उसनवारी फळाला आली, हे मी नाकारीत नाही. पण २८ मेपर्यंत लंडनच्या मंत्रिमंडळात तहाची चर्चा चालू होती. ती दुसऱ्या बाजूला कलती, तर याच आकड्याला इतिहासाने कोणते नाव दिले असते?

शेवटच्या रात्री धक्क्यावर जागा होती ती पिछाडी सांभाळणाऱ्या फ्रेंचांसाठी. पण काळोख पडताच गावातल्या तळघरांतून, कोणाच्याच हिशेबात नसलेले हजारो भरकटलेले शिपाई बाहेर आले आणि त्यांनी धक्का भरून टाकला. लढून मागे हटलेल्यांना रांगेच्या शेवटी उभे राहावे लागले. ४ जूनच्या पहाटे चारला वीस मिनिटे कमी असताना 'शिकारी' नावाची ब्रिटिश विनाशिका निघाली, ती शेवटची. सुमारे चाळीस हजार फ्रेंच मागे राहिले, आणि त्याच सकाळी जर्मन गावात शिरले.