साथींच्या वाटा (९) : नारूचा एकच रस्ता

गेल्या आठवड्यात गोवर पाहिला. लस न घेतलेल्या वस्तीत एका रुग्णाकडून बारा ते अठरा जणांना होणारा, रुग्ण खोलीतून उठून गेला तरी दोन-दोन तास तिथल्या हवेत रेंगाळणारा आजार. त्याची वाट अडवायची तर हवाच अडवावी लागेल, म्हणून तिथे सगळी भिस्त लशीवर. आजचा रोग अगदी दुसऱ्या टोकाचा आहे. त्याला लस नाही. जंत मारणारे औषध नाही. एकदा होऊन गेला म्हणून पुढच्या वर्षी होणार नाही, अशीही सोय नाही, कारण शरीरात त्याच्याविरुद्ध प्रतिकारशक्ती तयारच होत नाही. तरीही देवीपाठोपाठ भारतातून समूळ गेलेला रोग हाच. नारू.

दुष्काळी पट्ट्यात वाढलेल्या आणि आता साठीच्या पुढे असलेल्या वाचकांना तो सांगायला नको. कुणाच्या तरी घोट्यातून बाहेर लोंबणारा पांढरा दोरा त्यांनी पाहिलेला असतो. आजच्या तरुण डॉक्टरांनी मात्र तो परीक्षेच्या पुस्तकाबाहेर कुठे पाहिलेला नाही.

नारू हा जंत. मादी शेवयीएवढी जाड आणि पाऊण ते एक मीटर लांब. ती माणसाच्या कातडीखालून सरकत सरकत बहुतेक वेळा पायापर्यंत येते आणि तिथे फोड उठवते. फोडाची आग इतकी, की माणूस पाय थंड पाण्यात बुडवतो. जंताला नेमके हेच हवे असते. पाण्याचा स्पर्श झाला की मादी दुधाळ द्रव सोडते आणि त्यात लाखो अळ्या असतात. त्या नुसत्या माणसाच्या पोटात गेल्या तर काहीच होत नाही. त्यांना आधी सायक्लॉप्स नावाच्या, जेमतेम एक-दोन मिलिमीटरच्या पाणकिड्याने गिळावे लागते. त्याच्या पोटात त्या दोनेक आठवडे वाढतात. मग कुणीतरी ते पाणी न गाळता पितो. जठरातल्या आम्लात सायक्लॉप्स मरतो, अळ्या मोकळ्या होतात आणि आतड्याची भिंत भेदून शरीरात शिरतात. तीनेक महिन्यांनी नर-मादीचे मीलन, मग नराचा मृत्यू. मादी वाढत राहते. पाणी प्यायल्यापासून साधारण वर्षभराने ती पायाशी येते आणि पुन्हा फोड.

या सगळ्या प्रवासात माझे लक्ष सर्वांत जास्त त्या वर्षाकडे जाते. आपल्याकडच्या पायविहिरी आणि बारवा यांचे पाणी उन्हाळ्यात खाली जाते. मग पाणी भरायला शेवटच्या पायरीपर्यंत, कधी त्याहीपुढे घोटाभर पाण्यात उतरावे लागते. साठा कमी झालेला असतो, त्यामुळे त्यात सायक्लॉप्सची दाटी. त्या उन्हाळ्यात प्यायलेल्या पाण्यातला जंत बाहेर पडतो तो पुढच्या उन्हाळ्यात, म्हणजे पुन्हा नेमका पाणी खाली गेले असताना आणि लोक विहिरीत उतरत असताना. जंताला पंचांग कळत नाही, पण लाखो पिढ्यांत ज्याचे वेळापत्रक जुळले तो टिकला. शेतकऱ्यासाठी हाच काळ मशागतीचा आणि पेरणीच्या तयारीचा. नारूने क्वचितच कुणी मरे, पण माणूस आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळे आणि ते नेमके शेतीच्या वेळेला.

या वर्षभराच्या अंतराने आणखी एक गोष्ट केली. त्याने कार्यकारणाचा धागा लपवला. आज पाणी प्यायलो आणि रात्री जुलाब झाले, तर पाण्यावर संशय येतो. मागच्या वैशाखात प्यायलेल्या पाण्याने यंदाच्या वैशाखात पायाला फोड आला, हे कुणाला सुचावे? सुचले नाही, यात लोकांचा अडाणीपणा मुळीच नव्हता. विद्वानांनाही ते शतकानुशतके सुचले नव्हते. रोग मात्र जुना होता. प्राचीन इजिप्तच्या ममीत या जंताचा अवशेष सापडला आहे आणि बाहेर आलेला जंत काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा, हा इलाजही प्राचीनच. घाई केली आणि दोरा तुटला तर आत राहिलेल्या भागामुळे पाय सुजतो, पू होतो. ही काडी आजही बदललेली नाही. इतक्या जुन्या रोगावर इतका जुना इलाज अजून चालतो, असे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

कोडे सुटायला सुरुवात झाली १८७० च्या सुमारास, तुर्कस्तानात म्हणजे आजच्या उझबेकिस्तानच्या भागात. अलेक्सी फेदचेन्को या तरुण रशियन निसर्गशास्त्रज्ञाला नारूच्या अळ्या सायक्लॉप्सच्या अंगात शिरताना दिसल्या. ते पुढे १८७३ मध्ये, वयाच्या तिशीच्या आत, आल्प्सच्या हिमनदीवर गारठून गेले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रॉबर्ट लीपर यांनी जठरातल्या आम्लाइतक्या सौम्य आम्लात सायक्लॉप्स टाकून पाहिले. सायक्लॉप्स मेले, अळ्या मात्र वळवळू लागल्या. आणि मुंबईत, परळच्या प्रयोगशाळेत, तुर्खुड यांनी १९१० च्या दशकात तयार झालेल्या स्वयंसेवकांना असे सायक्लॉप्स पाजून माणसात नारू होतो हे दाखवले. त्या स्वयंसेवकांबद्दल मला नेहमी कुतूहल वाटते. वर्षभर ते स्वतःच्या पायाकडे कसे पाहत असतील?

म्हणजे शंभर वर्षांपूर्वी सगळे ठाऊक झाले होते. साखळी स्पष्ट होती : पाय, पाणी, सायक्लॉप्स, पोट, पुन्हा पाय. कुठेही तोडा, रोग पुढे जाणार नाही. आणि सर्वांत मोठी मेहेरबानी म्हणजे या जंताला दुसरी वाट नव्हती. श्वासातून नाही, स्पर्शातून नाही, डासातून नाही, मातीतून नाही. शिवाय आपल्याकडे वर्षानुवर्षे दडून बसणारा नारूचा वाहकही नव्हता. ज्याला नारू आहे त्याचा नारू आज ना उद्या बाहेर येणार, सगळ्यांना दिसणार. गावातले शेंबडे पोरही तो ओळखेल. क्षयाच्या कार्यकर्त्याने ही यादी वाचली तर त्याला हेवा वाटेल.

ज्ञान असूनही कामाला इतकी वर्षे का लागली, याचे उत्तर सोपे आणि लाजिरवाणे आहे. नारू शहरात होत नसे. नळाचे पाणी पिणाऱ्याला होत नसे. बंगल्यात राहणाऱ्याला होत नसे. ज्यांना होत असे त्यांचा आवाज मंत्रालयापर्यंत पोहोचत नसे, आणि त्यातही गावाच्या चांगल्या विहिरीवर ज्यांना चढू दिले जात नव्हते त्यांना मिळेल ते पाणी प्यावे लागे.

१९८० च्या दशकात जगभर पेयजल दशक जाहीर झाले तेव्हा नारूला पहिल्यांदा वजन आले. शुद्ध पाणी पोहोचले की नाही, हे मोजायला याहून नेमकी खूण नव्हती. भारताने १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम सुरू केला आणि सूत्रे दिल्लीच्या राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्थेकडे दिली. तेव्हा देशात वर्षाला सुमारे ४०,००० रुग्ण होते, सात राज्यांत, आणि त्यात महाराष्ट्र होता. राजस्थान, मध्य प्रदेश, गुजरात, कर्नाटक, आंध्र आणि तमिळनाडू ही बाकीची. यांतले तमिळनाडू लवकरच यादीतून बाहेर पडले.

कामाचे स्वरूप दवाखान्याचे नव्हतेच. वर्षातून ठरावीक वेळा घरोघर जाऊन विचारायचे, नारू कुणाला आहे? सापडला की जखम बांधायची, माणसाला विहिरीत उतरू द्यायचे नाही, आणि विहिरीत टेमेफॉस हे कीटकनाशक टाकायचे. हे मात्रा नीट मोजून टाकावे लागते, पाण्याच्या दहा लाख भागांत एक भाग. तेवढ्याने सायक्लॉप्स मरतात आणि पिणाऱ्याला अपाय होत नाही. पण महिन्याभराने ते पुन्हा टाकावे लागते. त्यामुळे आरोग्यसेवकाच्या वहीत प्रत्येक विहिरीचे घनफळ असे. पायविहिरीच्या पायऱ्या बुजवून, कठडा बांधून, रहाटाने पाणी शेंदायची विहीर करणे हा कायमचा उपाय होता. पण एखाद्या गावाच्या पिढीजात बारवेच्या पायऱ्या बंद करायला सांगणे सोपे नसते. आज आपण बारवांच्या जीर्णोद्धाराच्या मोहिमा कौतुकाने पाहतो, आणि पाहाव्यातच. पण ज्या पायऱ्यांचे फोटो आपण काढतो त्याच पायऱ्या या रोगाचा राजमार्ग होत्या, हे बारवप्रेमींच्या लेखांत मला क्वचितच आढळते.

पर्याय दिल्याशिवाय कुठलीही विहीर बंद करता येत नाही. इथे हातपंप आला आणि ही कथा थेट मराठवाड्याच्या आणि सोलापूरच्या वाटेने जाते. साठच्या दशकाच्या अखेरीस दुष्काळी भागात बोअर मारायला सुरुवात झाली तेव्हा त्यांवर बसवलेले बिडाचे पंप मुळात एका कुटुंबाच्या अंगणासाठी बनवलेले होते. गावाचे गाव त्यांवर लोटले की महिन्याभरात ते मान टाकत. जालन्याच्या मिशनच्या मंडळींनी पोलादी, एकाच खिळीवर फिरणाऱ्या दांड्याचा पंप बनवला. सोलापुरात त्याची आणखी सुधारलेली आवृत्ती झाली. तिच्यावरूनच सत्तरच्या दशकात युनिसेफच्या मदतीने ‘इंडिया मार्क टू’ हा हातपंप तयार झाला. तो देशभर बसला आणि पुढे आफ्रिकेतल्या नारूग्रस्त देशांतही गेला. बोअरच्या पाण्यात सायक्लॉप्स नसतो आणि त्यात कुणाला पाय बुडवता येत नाही. आरोग्य खात्याच्या इतिहासात पंप दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकचे प्रकरण असायला हवे असे मला वाटते.

जिथे पंप पोहोचला नाही तिथे फडके. सायक्लॉप्स मिलिमीटरभराचा असल्याने दुहेरी सुती कापडातून तो पलीकडे जात नाही, आणि हंड्याच्या तोंडाला फडके बांधून पाणी गाळण्याची रीत आपल्याकडे होतीच. सवय नवी लावायची नव्हती, न चुकता पाळायला लावायची होती. शेतात तहान लागली की ओढ्यावर ओंजळ भरून पिणाऱ्याला फडके कोण देणार, ही खरी अडचण. हेच तत्त्व पुढे पटकीच्या बाबतीतही चालले. पटकीचे जंतू फडक्यातून सहज निसटण्याइतके बारीक असतात. पण पाण्यात ते बऱ्याचदा सायक्लॉप्सच्याच गोतावळ्यातल्या पाणकिड्यांना चिकटून राहतात. अमेरिकन शास्त्रज्ञ रीटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशात जुन्या साडीची चार पदरी घडी करून पाणी गाळायला लावले, तेव्हा पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले. २००३ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला.

दुवा ठाऊक नसताना नुसत्या सक्तीने काय होते, यासाठी इथे १८९७ चे पुणे आठवल्यावाचून राहत नाही. प्लेग आला तेव्हा सरकारने कसर ठेवली नव्हती. घरात सैनिक घुसवले, माणसे ओढून विलगीकरणाच्या छावण्यांत नेली, सामान जाळले. लोक इतके संतापले की २२ जूनच्या रात्री प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. आणि एवढा अतिरेक करून साखळीचा नेमका दुवा शाबूतच राहिला होता. प्लेग उंदरावरच्या पिसवांतून येतो हे पॉल-लुई सिमोंद यांनी कराचीत दाखवले ते १८९८ मध्ये, आणि तेही अनेकांनी पुढची काही वर्षे मानले नाही. म्हणून आज कुणी ‘साथीत सक्ती लागतेच’ असे ठासून सांगू लागले की मी आधी विचारतो, सक्ती कुठल्या दुव्यावर?

नारूच्या मोहिमेतही दुवा ठाऊक असूनही चिकाटी लागली. रुग्ण हजारांवरून शेकड्यांवर आले तसा एकेक रुग्ण शोधण्याचा खर्च वाढत गेला. अशा टप्प्यावर बहुतेक मोहिमा ढेपाळतात, कारण वीसच रुग्ण उरलेल्या रोगावर एवढी यंत्रणा कशाला, हा प्रश्न खजिनदाराला पडतोच. इथे मात्र उलट झाले. खबर देणाऱ्याला बक्षीस जाहीर झाले आणि अफवांचाही पाठपुरावा होऊ लागला. भारतातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानच्या जोधपूर जिल्ह्यात सापडला. त्यानंतर सलग तीन वर्षांहून अधिक काळ शोध चालू ठेवून, एकही रुग्ण नसल्याची खातरजमा झाल्यावर फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र दिले.

जगाच्या पातळीवर १९८६ मध्ये अंदाजे ३५ लाख रुग्ण होते. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी या कामाला वाहून घेतले. १९९५ मध्ये सुदानच्या यादवी युद्धात त्यांनी जवळपास सहा महिन्यांचा युद्धविराम घडवून आणला, तो आरोग्यसेवकांना गावांत जाता यावे म्हणून. आपल्या आधी शेवटचा नारू मरावा अशी त्यांची इच्छा होती. ते डिसेंबर २०२४ मध्ये, शंभराव्या वर्षी गेले. त्या वर्षी जगात माणसांतले रुग्ण होते १५, सगळे चाड आणि दक्षिण सुदान या दोन देशांत.

पंधरावरून शून्यावर येणे इतके अवघड का झाले? ज्या एकमेव रस्त्याच्या जोरावर हा सगळा डाव मांडला होता, त्याला एक पायवाट फुटली. चाडमध्ये दहा वर्षे रुग्ण नव्हते, २०१० मध्ये पुन्हा सापडले आणि २०१२ पासून तिथल्या कुत्र्यांच्या पायांतून तोच जंत बाहेर येताना दिसू लागला. कुत्र्यांना तो नदीकाठी फेकलेली माशांची आतडी आणि बेडूक खाऊन होतो असे मानले जाते. पूर्ण अनपेक्षित म्हणावे तर तेही खरे नाही. १९३० च्या दशकात कर्नाटकात काम करणारे मूर्ती आणि त्यांचे सहकारी स्वीट यांनी कुत्र्यांमध्ये हा जंत प्रयोगाने वाढवून दाखवला होता. तो शोधनिबंध छापून आला आणि पुढच्या आखणीत कुणी त्याचा फारसा विचार केला नाही, कारण प्रत्यक्षात गावोगाव दिसत होती ती माणसेच.

आता चाडच्या गावांत मासे साफ केल्यावर आतडी पुरायला सांगतात, नारू झालेला कुत्रा बांधून ठेवणाऱ्याला पैसे देतात आणि डबक्यांत टेमेफॉस टाकतात. जगातून नारू नाहीसा करण्याची मुदत २०३० ठरली आहे. कुत्र्यांना जंत होऊ नये असे औषध मिळते का, याचे प्रयोगही सुरू आहेत. ते मिळाले, तर औषधाविना गावोगाव हटवलेल्या या रोगाच्या शेवटच्या टप्प्यात औषध येईल आणि तेही माणसासाठी नसेल.

(पुढच्या आठवड्यात : काळा आजार आणि वाळूमाशी)